अंगण एक, खुराडी अनेक

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण आपण सत्य दडपू पाहणाऱ्यांना ऐकवतो. त्या म्हणीतला कोंबडा नेमका कशाखाली झाकलेला असतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो डालग्याखाली असतो. बांबूच्या कामट्यांचे विणलेले, पालथे घातलेले, मुंगूस-बोक्याने उलथू नये म्हणून वर दगड ठेवलेले डालगे. या कृतीसाठी मराठीत स्वतंत्र क्रियापदच आहे : कोंबड्या ‘डालणे’. दिवेलागणीला कोंबड्या डालायच्या आणि उजाडले की सोडायच्या, हा आपल्याकडच्या असंख्य घरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम आहे.

ज्या घरात कोंबड्या जरा जास्त, तिथे एका डालग्याने भागत नाही. पिलांची कोंबडी एका डालग्याखाली, अंड्यांवर बसवलेली खुडूक घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटीत, अंडी देणाऱ्या कोंबड्या आणि तलंगा ओट्याला लागून असलेल्या खुराड्यात, आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी गोठ्यापाशी, सगळ्यांपासून दूर. दहा-पंधरा पाखरांसाठी चार ठिकाणे! पाहुण्याला हा गबाळेपणा वाटतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या आत्याच्या घरी अशीच मांडणी होती आणि ‘नवी कोंबडी पंधरा दिवस वेगळी’ हा तिचा नियम मोडण्याची घरात कुणाची टाप नव्हती.

माझ्याकडे ना इतिहासाची पदवी आहे ना पशुवैद्यकाची. नोकरी सांभाळून, जमेल तशी, कोंबडीपालनावरची जुनी पुस्तके आणि अहवाल मी गेली काही वर्षे वाचत आलो. सुरुवात कुतूहलातून झाली : ही वेगळी-वेगळी खुराडी आपल्याकडेच आहेत की जगात इतरत्रही? आणि सगळ्या कोंबड्या एकाच मोठ्या खुराड्यात कोंडणे सोपे असताना माणसे इतका खटाटोप का करतात? वाचता वाचता लक्षात आले की, एक छप्पर की अनेक, हा प्रश्न निदान दोन हजार वर्षांचा आहे. त्याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले. आणि ते ठरवताना कोंबडीच्या प्रकृतीपेक्षा तिच्यामागे धावणाऱ्या माणसाच्या पायपिटीचा हिशेब अधिक वेळा मोजला गेला. त्या हिशेबाची ही कथा आहे.

रोमन शेतकऱ्याची जोडखुराडी

रोमन विद्वान वॅरो याने इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर तीन खंडांचा ग्रंथ लिहिला. तिसऱ्या खंडात अंगणात पाळायची पाखरे आणि प्राणी येतात. दोनशे कोंबड्या पाळायच्या असतील, तर काय करावे? वॅरो सांगतो : जागेला कुंपण घालावे आणि आत दोन मोठी जोडखुराडी बांधावीत. तोंड उगवतीकडे. प्रत्येकाची लांबी दहा फूट, रुंदी त्याच्या निम्मी, उंची त्याहून थोडी कमी. खिडकीला विरळ विणलेल्या फोकांची जाळी असावी, म्हणजे उजेड येईल. पण कोंबड्यांना इजा करणारे काही आत शिरणार नाही. दोन्ही खुराड्यांच्या मध्ये दार, कोंबड्या राखणाऱ्याला ये-जा करण्यासाठी.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी कोलुमेला हा स्पेनमध्ये जन्मलेला रोमन लेखक याच विषयावर अधिक तपशिलाने लिहितो. त्याच्या बारा खंडांच्या ग्रंथातला आठवा खंड पाखरांवर आहे. तो दोनऐवजी तीन खोल्या सांगतो : मधली लहान, दोन बाजूंच्या मोठ्या. मधल्या खोलीत चूल, आणि तिचा धूर दोन्हीकडच्या कोंबड्यांपर्यंत जाईल अशी रचना. धूर कोंबड्यांना मानवतो, असे तो म्हणतो. आपल्याकडे स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेली खुराडी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे परके वाटणार नाही. पाण्याच्या भांड्यावर झाकण असावे आणि त्याला चोच जाईल एवढीच भोके असावीत, म्हणजे कोंबड्या पाण्यात घाण करणार नाहीत; घाणेरड्या पाण्यानेच त्या आजारी पडतात, हेही तो बजावतो. जंतू हा शब्द कुणाला ठाऊक नसतानाची ही सूचना आहे.

मला या दोन्ही ग्रंथांत सर्वांत बोलका वाटला तो दोनशेचा आकडा. कोलुमेला त्याचे कारण देतो : दोनशे कोंबड्या एका माणसाच्या देखभालीत बसतात. पण लगेच पुस्ती जोडतो की, बाहेर हिंडणाऱ्या कोंबड्यांवर लक्ष ठेवायला एखादी दक्ष म्हातारी किंवा पोरगा हवा, नाहीतर चोर आणि श्वापदे त्या लांबवतील. म्हणजे खुराड्याचे माप कोंबडीने नव्हे, राखणदाराच्या आवाक्याने ठरले. आणि मुख्य माणसाची गणती झाली, तरी त्या म्हातारीची आणि पोराची गणती पुस्तीतच राहिली. पुढच्या दोन हजार वर्षांत ही पुस्ती वारंवार भेटते.

वंशाची कुंपणे

रोमन लेखकांना खुराडी वेगळी हवी होती ती प्रामुख्याने राखणीच्या सोयीसाठी. एकोणिसाव्या शतकात वेगळे खुराडे बांधण्याचे आणखी एक जबरदस्त कारण पुढे आले : वंशशुद्धी.

१८४० च्या दशकात पूर्व आशियातल्या बंदरांतून भल्यामोठ्या, पायांवर पिसे असलेल्या कोंबड्या इंग्लंड-अमेरिकेत पोचल्या. विंडसरला राणी व्हिक्टोरियाच्या पक्षिगृहात त्यांना जागा मिळाली आणि बघता बघता हा श्रीमंतांचा नाद झाला. नोव्हेंबर १८४९ मध्ये बोस्टनला भरलेल्या प्रदर्शनात हजारावर पाखरे होती. कोंबड्यांच्या जोड्यांना वेडेवाकडे भाव येऊ लागले. त्या वेडावर जॉर्ज बर्नहॅम या त्यातल्याच एका व्यापाऱ्याने १८५५ मध्ये पुस्तक लिहिले आणि त्याला ‘कोंबडीज्वराचा इतिहास’ अशा अर्थाचे नाव दिले. या कोंबड्यांची नावे भारतीय वाचकाला गंमतीची वाटतील. ‘कोचीन’ कोंबडीचा आपल्या कोचीनशी संबंध नाही, ती चीनमधून आली. आणि ‘ब्रह्मा’ हे नाव ब्रह्मपुत्रेवरून पडले.

जात शुद्ध राखायची, तर कोंबडा आणि कोंबड्या वेगळ्या कुंपणात ठेवणे भाग असते. यामागे शरीरशास्त्र आहे. कोंबड्याशी एकदा संबंध आल्यावर कोंबडी पुढचे दोन ते तीन आठवडे फलित अंडी देऊ शकते. त्यामुळे जातिवंत पैदास करणारे लोक कोंबड्या आधीच तीन-चार आठवडे वेगळ्या करून मगच अंडी जमवतात. एकाच अंगणात तीन जाती ठेवायच्या, तर तीन खुराडी, तीन कुंपणे हवीत. १८७४ मध्ये अमेरिकेत जातींची प्रमाण लक्षणे छापून निघाली आणि कुंपणांना जणू पोथीचा आधार मिळाला.

पण गंमत अशी की, पुढे आपल्या खेड्यापाड्यांत पोचलेली तांबडी विलायती कोंबडी या कुंपणांतून आली नाही. तिचा जन्म कुंपणच नसलेल्या रानात झाला.

रानभर विखुरलेली घरे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड हे चिमुकले राज्य आहे. त्याच्या आग्नेय टोकाला, समुद्राच्या कुशीत, लिटल कॉम्पटन हे गाव. जमीन खडकाळ, नांगराला नकोशी. तिथल्या विल्यम ट्रिप नावाच्या शेतकऱ्याने १८५४ मध्ये जवळच्या न्यू बेडफर्ड बंदरात एका खलाशाकडून मलाय जातीचा तांबडा कोंबडा घेतला, अशी हकिगत सांगितली जाते. काही जण त्या कोंबड्याला चितगावी म्हणतात. त्याचा आणि इतर आशियाई कोंबड्यांचा गावठी कोंबड्यांशी संकर झाला. तांबडे कोंबडे अधिक काटक निघतात, असे शेतकऱ्यांना दिसले आणि ते वर्षानुवर्षे तांबडेच कोंबडे पैदाशीला ठेवत गेले. या कोंबडीला ‘ऱ्होड आयलंड रेड’ हे नाव आयझॅक विल्बर या तिथल्याच मोठ्या कोंबडीपालकाने दिले. १९०४ मध्ये तिला जात म्हणून मान्यता मिळाली. १९२५ मध्ये ॲडम्सव्हिल गावी तिच्या नावाचे स्मारक उभे राहिले. १९५४ मध्ये ती राज्यपक्षी झाली. कोंबडीचे स्मारक असलेली गावे जगात फार नसावीत.

मला मात्र जातीपेक्षा तिच्या घराची गोष्ट महत्त्वाची वाटते. लिटल कॉम्पटनच्या शेतकऱ्यांनी एक मोठे कोंबडीघर बांधलेच नाही. त्यांनी रानभर लहान-लहान लाकडी घरे विखुरली. एकेक घर साधारण आठ फूट रुंद आणि दहा-बारा फूट लांब, त्यात तीस-चाळीस कोंबड्या. दोन घरांमध्ये बरेच अंतर. मध्ये कुंपण नाही. कोंबड्या दिवसभर रानात चरत आणि संध्याकाळी बिनचूक आपापल्या घरी परतत. एका शेतावर अशी डझनावारी घरे असत. शेतकरी घोडागाडीत शिजवलेले खाद्य आणि पाण्याची पिंपे घेऊन घरोघर फिरे, येताना अंडी गोळा करून आणी. जमीन घाण झाली किंवा चारा संपला की, बैल वा घोडे जोडून घरच पुढे ओढून नेत. या पद्धतीला वसाहत पद्धत म्हणत.

या वसाहतींत तीन गोष्टी आपोआप साधत. शीट एका जागी न साचता रानभर पसरे आणि जमिनीला खत मिळे. एका घरात रोग शिरला, तर दुसऱ्या घरापर्यंत पोचायला त्याला वेळ लागे. शेतकऱ्याचे नुकसान चाळीसांचे होई, चार हजारांचे नव्हे. आणि कोंबड्यांतली भांडणे मर्यादेत राहत. या शेवटच्या गोष्टीचे शास्त्र नंतर कळले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शेल्डेरूप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकाने दाखवून दिले की, कोंबड्यांच्या प्रत्येक कळपात टोचण्याची उतरंड ठरलेली असते : कोण कुणाला टोचणार आणि कोण निमूट सहन करणार. लहान कळपात ती लवकर बसते. नवी कोंबडी आत टाकली की, ती पुन्हा मोडते आणि रक्त निघेपर्यंत मारामाऱ्या होतात. नवी कोंबडी आधी वेगळी ठेवावी, मग हळूहळू मिसळू द्यावी, हे आपल्याकडच्या बायांना ठाऊक होते. त्यामागची उतरंड या अभ्यासकाने मांडून दाखवली.

अमेरिकन लेखक मायलो हेस्टिंग्ज याने १९०९ मध्ये ‘द डॉलर हेन’ हे पुस्तक लिहिले. कोंबडीपालनातून कमाई कशी होईल, हा त्याचा रोखठोक विषय. त्यात तो खर्चिक, भपकेबाज कोंबडीघरांची खिल्ली उडवतो आणि लिटल कॉम्पटनच्या साध्या वसाहत पद्धतीची बाजू घेतो. तरीही पुढच्या तीस-चाळीस वर्षांत ही पद्धत मागे पडली. रोगामुळे नाही. घरोघर पाणी पोचवणे, प्रत्येक दार उघडणे-लावणे, बर्फातून गाडी हाकणे, या साऱ्याला माणूस लागे, आणि माणूस महाग होत होता.

पाचशे पिलांचे घर

छपरे एक करण्याची वाट ज्या बाईमुळे मोकळी झाली, तिचे नाव सीलिया स्टील. डेलावेअर राज्यातल्या ओशन व्ह्यू या गावी ती घरच्या अंड्यांसाठी थोड्या कोंबड्या पाळत असे. १९२३ मध्ये तिने पन्नास पिले मागवली आणि पुरवठादाराच्या चुकीने पाचशे आली. तिने ती परत पाठवली नाहीत. सोळा फूट लांब, सोळा फूट रुंद असे लाकडी घर बांधून घेतले आणि सगळी त्यात वाढवून मांसासाठी विकली. पाचशेपैकी ३८७ जगली, तरी नफा झाला. तीनच वर्षांत, १९२६ मध्ये, तिच्याकडे दहा हजार पिलांची सोय होती. ते पहिले घर डेलावेअरच्या शेतीसंग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

एवढी पिले एका छपराखाली, उन्हावाचून, जगू शकली याला त्याच सुमाराच्या विज्ञानाचे साहाय्य झाले. बंद घरातल्या पिलांचे पाय लुळे पडत. ‘ड’ जीवनसत्त्वाचा शोध १९२२ चा. कॉड माशाच्या यकृताचे तेल खाद्यात घातले की पाय धड राहतात, हे लवकरच कळले आणि ऊन अनावश्यक ठरले. पुढे विजेचे दिवे आले, पिंजरे आले, लसी आणि औषधे आली. दोनशे कोंबड्यांमागे एक माणूस हे रोमन माप मोडून हजारोंमागे एक माणूस असे नवे माप आले.

या साखळीचे आपल्याकडे झालेले रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. भाताच्या तुसाच्या गादीवर वाढणारे ब्रॉयलर, पिंजऱ्यांतल्या अंड्यांच्या कोंबड्या, लांबलचक पत्र्याच्या शेड. पुणे हे या व्यवसायाचे देशातले एक मोठे केंद्र झाले. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा कारभारही तिथूनच चालतो. दुसरीकडे सरकारी उबवणी केंद्रांतून ऱ्होड आयलंड रेडची पिले आणि अंडी खेड्यांत वाटली गेली. बहुधा बंगालच्या उपसागराच्या कडेने निघालेल्या एका तांबड्या कोंबड्याचे रक्त शंभरेक वर्षांत पृथ्वीला वळसा घालून आपल्या अंगणात उतरले. जात आली, पण ज्या विखुरलेल्या घरांनी ती घडवली, ती पद्धत तिच्यासोबत आली नाही. अर्थात, अंगणातल्या बाईला ती नव्याने शिकण्याची गरजही नव्हती.

मानमोडी

वेगळ्या खुराड्याचा सर्वांत मोठा पुरावा रोगांच्या इतिहासात आहे. उत्तर इटलीत १८७८ मध्ये पेरोंचितो या पशुवैद्यकाने कोंबड्यांच्या एका भयंकर साथीचे वर्णन केले. तिला कोंबड्यांचा प्लेग म्हटले गेले. तिचा विषाणू इन्फ्लुएन्झाचाच आहे, हे सिद्ध व्हायला १९५५ साल उजाडले. आज आपण तिला बर्ड फ्लू म्हणतो. १८८० मध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करत होता. दूषित खाद्यातून आणि शिटेतून हा रोग पसरतो, हे त्याने दाखवले, आणि त्यातूनच क्षीण केलेल्या जंतूंच्या लसीची कल्पना निघाली. कोलुमेलाच्या भोके असलेल्या झाकणाला अठराशे वर्षांनी स्पष्टीकरण मिळाले.

मग १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल बंदरात जवळपास एकाच वेळी कोंबड्यांची नवी साथ दिसली. पुढच्या एक-दोन वर्षांत कुमाऊंमधल्या राणीखेतला ती नोंदली गेली आणि भारतात तिचे नाव राणीखेतच पडले. माना मुरगळतात, पाखरू गोल गोल फिरते, हिरवट शीट होते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. महाराष्ट्रात तिला मानमोडी म्हणतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीलाही आपल्या खेड्यांत मानमोडी हेच नाव होते. माणसांचे आणि कोंबड्यांचे मरण लोकांनी एकाच शब्दात मांडले, याची मला नेहमी नवलाई वाटते. १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत या रोगावरची लस तयार झाली आणि असंख्य कोंबड्या वाचल्या. पण परसातल्या दहा कोंबड्यांपर्यंत लस वेळेवर, थंडावा न मोडता पोचणे आजही सोपे नाही. लसीची कुपी उघडली की ती शंभर वा अधिक पाखरांची असते.

राणीखेतची लक्षणे संसर्गानंतर साधारण दोन ते पंधरा दिवसांत दिसतात. माझ्या आत्याचे पंधरा दिवस नेमके इथे बसतात. तिने हा आकडा कुठे वाचला असण्याची शक्यता नाही. बाजारातली कोंबडी घरी आणायची, ती आठवड्याने माना टाकायची आणि मागोमाग सगळे खुराडे जायचे, असे कधीतरी कुणीतरी पाहिले असेल. दिवस मोजले असतील. आणि तो आकडा घरातल्या बायांनी पुढे दिला असेल.

मात्र एका गोष्टीची नोंद करायला हवी. नुसती भिंत म्हणजे वेगळे खुराडे नव्हे. दोन खुराड्यांत चार हातांचे अंतर असेल. पण पाण्याचे भांडे एकच, झाडू एकच आणि पायांतल्या चपलेला लागलेली शीट तीच असेल, तर रोगाच्या दृष्टीने ते एकच घर आहे. वेगळेपणा भिंतीत कमी आणि फिरण्याच्या क्रमात जास्त असतो. आधी पिले, मग तलंगा, मग अंड्यांवरच्या कोंबड्या, त्यांच्यानंतर नव्या आणि सर्वांत शेवटी आजारी. मग हातपाय धुवायचे. मोठ्या, जुन्या कोंबड्या वरून धडधाकट दिसतात. पण त्यांच्यातल्या काही बऱ्या झालेल्या रोगाचे जंतू बाळगून असतात. पिलांकडून मोठ्यांकडे जाणे चालते, उलटे जाणे महागात पडते. पंधरा दिवसांच्या नियमातून असे जंतुवाहक पाखरू सुटतेच, म्हणून क्रम पाळायचा तो कायमचा. हा क्रम म्हणजेच पायपीट. लिटल कॉम्पटनच्या शेतकऱ्याला ती परवडेनाशी झाली. आपल्या अंगणात ती परवडते, कारण तिची मजुरी कुणी मोजतच नाही.

नवापूरचे वर्तुळ

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातला हा पहिला अधिकृत उद्रेक. रोग सापडला तो तिथल्या व्यावसायिक कोंबडीपालन केंद्रांत, जिथे हजारो पाखरे एकेका शेडमध्ये होती. नकाशावर तीन किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले गेले, मग ते दहा किलोमीटरपर्यंत वाढवले गेले आणि आतली पाखरे नष्ट करण्यात आली. ती काही लाख होती. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही गावांतही रोग निघाला. या वेळी घरगुती कोंबड्यांत.

वर्तुळ काढणे चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. माणसाला होऊ शकणाऱ्या या रोगापुढे सरकारपाशी दुसरा झटपट उपाय नव्हता, आणि रानपाखरांतून येणाऱ्या विषाणूला बांबूचे डालगे अडवू शकत नाही. पण वर्तुळाला खुराडी दिसत नाहीत. दहा हजारांची शेड आणि भिल्ल, मावची, कोकणी कुटुंबांच्या पाड्यावरच्या सात कोंबड्या त्याच्या लेखी एकच असतात. नुकसानभरपाई मिळते ती डोक्यामागे. शेडचा मालक त्या रकमेतून आणि कर्जातून नवी पिले आणू शकतो, कारण त्याची पिले कारखान्यासारख्या उबवणी केंद्रातून येतात. पाड्यावरच्या बाईची पिले तिच्याच खुडूक कोंबडीखाली निघतात. ती कोंबडी, तिची अंडी उबवण्याची सवय आणि घराण्यात टिकलेला काटकपणा यांचा भाव कोणत्याही तक्त्यात नसतो. शाळेची फी, दवाखाना, पाहुणचार, देवाचा मान, या सगळ्याला लागणारी तिच्या हातची रोकड म्हणजे त्या कोंबड्या.

पुढे नियम बदलले. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, तेव्हा पाखरे नष्ट करण्याचे वर्तुळ एक किलोमीटरचे होते. दहा किलोमीटरवरून एकावर येणे ही लहान गोष्ट नाही. अनुभवातून शासनही शिकते, हे त्यातून दिसते.

ही बाब मूठभर घरांची नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात पाळीव पाखरे ८५ कोटींच्या वर होती. त्यांतली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली. मागच्या गणनेपेक्षा परसातली पाखरे जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली. दर तीन पाखरांतले एक पाखरू अजून कुणाच्या तरी अंगणात रात्री डालले जाते. गणनेत पाखरे मोजली जातात. त्यांची खुराडी किती, ती उघडणारे-झाकणारे हात कुणाचे, हे मोजले जात नाही. कोलुमेलाच्या पुस्तीतली म्हातारी अजून पुस्तीतच आहे.

परसातल्या कोंबडीपालनाला उत्तेजन द्यायचे, तर आपल्याकडे सुधारित जातीची पिले आणि एक खुराडे देण्याची रीत आहे. पिलांची पहिली खेप त्यात सुखाने वाढते, कारण सगळी एका वयाची असतात. अडचण दुसऱ्या खेपेला येते. आता मोठ्या कोंबड्यांत नवी पिले मिसळतात, टोचाटोची होते, जुन्यांचे जंतू पिलांना लागतात आणि खेप मरते. मग ‘बाईला जमले नाही’ असा शेरा पडतो. या इतिहासातून मला जो एक व्यवहारी निष्कर्ष काढावासा वाटतो तो असा : पहिल्या खुराड्याबरोबरच दुसरे द्यावे. ते मोठे नको, भारी नको. कामट्यांचे डालगे आणि वेगळे पाण्याचे भांडे एवढेही पुरे. सोबत एक कागद द्यावा, ज्यावर फिरण्याचा क्रम लिहिलेला असेल, आणि योजनेचा खर्च मांडताना त्या फेऱ्यांना लागणारा वेळही मजुरी म्हणून धरावा.

असे झाले, तर दोन गोष्टी होतील. एक, साथ आली तरी सगळे अंगण एका रात्रीत रिकामे होण्याची भीती काहीशी कमी होईल. दुसरी, संध्याकाळी चार ठिकाणी वाकून कोंबड्या डालणाऱ्या बाईचे काम पहिल्यांदा कागदावर येईल. लिटल कॉम्पटनच्या शेतकऱ्याने आपली पायपीट मोजली आणि ती महाग पडते म्हणून पद्धत सोडली. आपल्याकडे ती न मोजताच चालू राहिली. मोजली, तर कदाचित आपल्याला कळेल की, या देशातल्या तीसेक कोटी कोंबड्या नेमक्या कुणाच्या भरवशावर जगत आल्या आहेत.